जुन्या फोटोवरचे डाग आणि भेगा गिंपमध्ये कशा काढाव्यात

घडी पडलेला, कडेने पिवळा पडलेला, गालावरून भेग गेलेला एखादा कृष्णधवल फोटो बहुतेक घरांत असतोच. तो दुरुस्त करायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. गिंप हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर फुकट मिळतं, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि या कामाला पुरून उरतं. नवशिक्याचं घोडं अडतं ते कामाच्या क्रमापाशी आणि मध्येच रुसून बसणाऱ्या ब्रशपाशी. म्हणून या दोन्हींवर जरा सविस्तर लिहितो.

आधी स्कॅन

फोटोवरची धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटका. ओलं फडकं लावू नका. जुन्या फोटोचा वरचा थर बहुधा जिलेटिनचा असतो, पाणी लागलं की तो फुगतो आणि चिकट होतो. स्कॅनरवर रिझोल्यूशन ६०० पीपीआय, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल, ठेवा. ४ बाय ६ इंची फोटोतून २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० पीपीआयने छापला तर ८ बाय १२ इंची प्रत निघते. रंग आपोआप सुधारणारे आणि शार्प करणारे स्कॅनरचे पर्याय बंद करा. फाइल टिफ, ४८-बिट कलर. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच हवा. का ते डागांपाशी आल्यावर कळेल.

रंगीत चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन थरांत साठवलेलं असतं, त्यांना चॅनेल म्हणतात. ४८ बिट म्हणजे प्रत्येक चॅनेलला १६ बिट. ८ बिटांत एका चॅनेलला फक्त २५६ छटा मिळतात. फिका पडलेला फोटो त्यातल्या थोड्याच वापरत असतो, आणि त्या ताणल्या की आभाळासारख्या सपाट भागात पट्टे उमटतात. १६ बिटांत ६५,५३६ छटा असतात, त्यामुळे ताणायला भरपूर वाव राहतो. ही सोय गिंपमध्ये २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून आहे, तेव्हा त्याहून जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदला.

फाइल उघडल्यावर

‘इमेज’ मेनूतल्या ‘प्रिसिजन’मध्ये १६ बिट दिसतंय ना, ते बघा. मग लगेच कंट्रोल-एस दाबून एक्ससीएफ, म्हणजे गिंपच्या स्वतःच्या प्रकारची, फाइल करून ठेवा. ‘मला जेपेग हवी आहे, हे एक्ससीएफ का देतंय?’ हा प्रश्न हमखास पडतो. २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून गिंपने ‘सेव्ह’ आणि ‘एक्स्पोर्ट’ वेगळे केले. सेव्ह केलं की लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर), मास्क (लेयरचा काही भाग झाकणारा पडदा) सगळं जसंच्या तसं राहतं. जेपेग, पीएनजी, टिफ हवं तर एक्स्पोर्ट करायचं.

आता कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून लेयरची प्रत काढा आणि खालच्या लेयरला ‘मूळ’ असं नाव द्या. या मूळ लेयरला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. मी हा नियम एकदा पाळला नाही आणि दोन संध्याकाळींचं काम पुन्हा केलं.

पिवळे डाग

या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो, म्हणून निळ्या चॅनेलमध्ये तो काळाकुट्ट दिसतो. लाल चॅनेलमध्ये मात्र जवळपास नाहीसा होतो. स्कॅन रंगीत हवा तो यासाठी. वरच्या लेयरवर ‘कलर्स’, ‘कंपोनंट्स’, ‘मोनो मिक्सर’ उघडा, लाल १ करा, हिरवा आणि निळा ० करा. ज्या डागासाठी तासभर ब्रश घासला असता, तो बहुतेक वेळा एका क्षणात विरतो. शाईचा निळा डागही लाल चॅनेलमध्ये उठून दिसतो, तिथे निळं चॅनेल घेऊन बघा.

भेगा

डाग गेलेल्या लेयरची आणखी एक प्रत काढा आणि भेगांचं काम तिच्यावर करा. १ दाबलं की फोटो १०० टक्के झूमवर येतो. एच दाबून हील टूल घ्या. कंट्रोल धरून स्वच्छ जागेवर क्लिक केलं की तो नमुना ठरतो, मग भेगेवर ब्रश टेकवायचा. ब्रश भेगेपेक्षा किंचितच रुंद असावा. चौकटी कंसांच्या कळांनी तो लहान-मोठा होतो. लांब ओढू नका, टिपक्या-टिपक्याने चला आणि दर चार-पाच टिपक्यांनी नमुना बदला. तसं केलं नाही तर एकच ठिपका सारखा उमटत गेलेला दिसतो आणि दुरुस्ती उघडी पडते.

समजा भेग कपाळावरून केसांत शिरते आहे. कपाळावर हील टूल छान चालतं, पण केसांच्या कडेला पोचताच काळसर धूर पसरल्यासारखा डाग पडतो. हील टूल नमुन्याचा पोत घेतं आणि आजूबाजूची उजळ-गडद छटा त्यात मिसळतं. कडेवर एकीकडे कातडी, दुसरीकडे केस, त्यामुळे दोन्ही कालवले जातात. अशा कडेवर सी दाबून क्लोन टूल घ्या. ते काही मिसळत नाही, नमुना आहे तसा उमटवतं. थोडी कडा क्लोनने बांधून घेतली की दोन्ही बाजूंचं उरलेलं काम पुन्हा हीलने करा.

चेहऱ्यावर हात आखडता घ्या. फोटोचा दाणेदारपणा, सुरकुत्या, तीळ राहू द्या. डोळा किंवा ओठच उडाला असेल तर अंदाजाने काढू नका. त्या माणसाला ओळखणाऱ्याला तो परका वाटतो. मला तरी जखम राहिलेला खरा चेहरा जवळचा वाटतो. कुठे जास्त झालं असेल तर या लेयरला पांढरा मास्क जोडा आणि त्यावर काळ्या रंगाने ब्रश फिरवा. खालचा चेहरा परत वर येतो.

ब्रश चालत नाही तेव्हा

आधी कंट्रोल-शिफ्ट-ए दाबा. नजरेत न येणारं एखादं छोटंसं सिलेक्शन (निवडलेला भाग) उरलेलं असतं आणि गिंप त्याच्या बाहेर काही उमटवू देत नाही; बऱ्याचदा दोष इथेच असतो. मग लेयरच्या यादीत बघा, दुसराच लेयर निवडला गेला आहे का, की लेयरऐवजी मास्क निवडला गेला आहे. तरीही नाही, तर ब्रशची ओपॅसिटी, म्हणजे तो किती गडद उमटतो ते, तपासा. फोटोच्या फक्त एका भागातच चालत असेल तर लेयर लहान आहे. ‘लेयर टू इमेज साइझ’ करा.

उजळपणा आणि शेवट

‘लेयर’ मेनूतून ‘न्यू फ्रॉम व्हिजिबल’ घ्या आणि त्यावर ‘कलर्स’मधलं ‘कर्व्ह्ज’ चालवा. त्यात गडद ते उजळ छटांची एक तिरकी रेषा दिसते. गडद भागात रेषा जराशी खाली, उजळ भागात जराशी वर, एवढं पुरतं. २०२५ साली आलेल्या ३.० आवृत्तीत हे कर्व्ह्ज लेयरला फिल्टर म्हणून जोडलेले राहतात, त्यामुळे उद्या बघून पुन्हा बदलता येतात. शार्प करायचंच तर अगदी शेवटी.

कंट्रोल-शिफ्ट-ई दाबून जपण्यासाठी १६-बिट टिफ आणि पाठवण्यासाठी ९० क्वालिटीची जेपेग काढा. एक्स्पोर्ट करण्याआधी ‘इमेज’ मेनूत ‘मेटाडेटा’ (फाइलसोबत साठवलेली माहिती), ‘एडिट मेटाडेटा’ उघडून वर्णनाच्या रकान्यात फोटोत डावीकडून कोण कोण आहे आणि साल कोणतं ते लिहा, आणि एक्स्पोर्टच्या खिडकीत मेटाडेटा सेव्ह करण्याच्या खुणा लावा. नावं ठाऊक असलेलं माणूस शेजारी बसलेलं असेल तर भेगांच्याही आधी हे काम उरकून घ्या.