पोपटाचा पिंजरा घेताय? या चुका टाळा

मला येणाऱ्या फोनची सुरुवात बहुतेक वेळा एकच असते. "पक्षी आणलाय, सध्या बुटाच्या खोक्यात ठेवलाय. पिंजरा कुठला घेऊ?" वरात दारात आली आणि मांडव अजून घालायचाय! मग दुकान बंद व्हायच्या आत हाताला लागेल तो पिंजरा घरी येतो. कॉकटेल म्हणजे तुरेवाला छोटा पोपट नीट सांभाळला तर पंधरा वर्षं सहज जगतो, आफ्रिकन ग्रे तर तीस-चाळीस. एवढ्या आयुष्याचं घर पंधरा मिनिटांत उरकायचं आणि काही महिन्यांनी "पिसं का उपटतो हो हा?" म्हणून पुन्हा मलाच फोन करायचा.

पिंजऱ्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लाल चोचीचा, गळ्याला कंठी असलेला आपला राघू आणि त्याच्याहून मोठा पहाडी पोपट पिंजऱ्यात ठेवायचे नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे सगळे रानपोपट संरक्षित आहेत. "आमच्या आजोबांकडेही होता" हे कारण वनखात्यापुढे चालत नाही. असा पक्षी जखमी सापडला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पुढचं सगळं बोलणं बजी, कॉकटेल, लव्हबर्ड, कोन्यूर, ग्रे अशा पिंजऱ्यातच पैदास झालेल्या परदेशी पक्ष्यांबद्दल आहे. त्यातही कोन्यूर, ग्रे, मकाव घेणार असाल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणारा "काही लागत नाही" म्हणाला तर तिथून उठा.

जीआयच्या जाळीचा मोह

ही चूक पाहिली की माझं डोकं तापतं, कारण ती कंजूष माणूस करत नाही, हौशी माणूस करतो. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी निवृत्तीनंतर कॉकटेलची जोडी आणली. बाजारातले पिंजरे फार लहान, म्हणून त्यांनी खिडक्यांच्या ग्रिल करणाऱ्या वेल्डरकडून मुद्दाम मोठा पिंजरा करून घेतला. लोखंडी अँगलची चौकट, चारी बाजूंनी कोरी करकरीत जीआयची जाळी. मला दाखवायला बोलावलं. "दणकट आहे की नाही? उंदीरसुद्धा शिरायचा नाही!" मी म्हटलं, काका, उंदराचं सोडा, ही जाळी आधी घासून धुतली का? ते हसले. नवीन वस्तू कोण धुतं?

पोपटवर्गातला पक्षी चोचीचा वापर तिसऱ्या पायासारखा करतो. जाळीवर चढताना चोचीने तार पकडतो, रिकामा बसला की तीच तार कुरतडतो. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. नवीन जाळीवर, विशेषतः जिथे तारा एकमेकींना जोडलेल्या असतात तिथे, जस्ताचे बारीक थेंब गोठलेले असतात. पावसाळ्यात दमट हवेत पडून राहिली की त्याच जाळीवर पांढरी पूड धरते. हे कण पोटात जातात, पेषणीत म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात अडकून राहतात आणि तिथल्या आम्लात हळूहळू विरघळतात. विषबाधा अशी सुरू होते. आज जाळी चावली आणि उद्या पक्षी पडला, असं होत नाही. म्हणून कुणाचा संशय पिंजऱ्यावर जात नाही.

काकांचा नर आधी खूप पाणी प्यायला लागला. मग विष्ठा पातळ आणि हिरवी. मग पिसं फुलवून तो तळाशी बसून राहिला. घरच्यांनी निदान केलं : गारठा. हळदीचं पाणी झालं, बल्ब लावून झाला, ओळखीच्या एका पक्षीवाल्याने दिलेली अँटिबायोटिकची पूडही झाली. पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेईपर्यंत त्याचे पाय लटपटत होते. एक्स-रेमध्ये पोटात धातूचे कण पांढरेशुभ्र दिसले. शरीरातला जड धातू बांधून बाहेर काढणारी इंजेक्शनं सुरू झाली, पण नर वाचला नाही. मादीची लक्षणं सुरुवातीची होती, ती वाचली. तो सुंदर पिंजरा गच्चीवर गेला. आता त्यात कुंड्या आहेत.

शक्य असेल तर स्टेनलेस स्टीलचा पिंजरा घ्या. महाग पडतो, मान्य. पण त्याला गंज नाही, रंग नाही, चावून काही निघत नाही. ते परवडत नसेल तर चांगल्या पावडर कोटिंगचा. दुकानातच गजाच्या जोडावर नख ओढून पाहा. कोटिंगची खपली निघाली तर तुमच्या नखापेक्षा पोपटाची चोच कितीतरी दणकट आहे, हे लक्षात घ्या. जीआयशिवाय पर्यायच नसेल तर व्हिनेगर आणि तारेच्या ब्रशने प्रत्येक जोड घासा, भरपूर पाण्याने धुवा, उन्हात वाळवा. यामुळे धोका कमी होतो, संपत नाही. आणि ग्रे किंवा मकावसारख्या चावऱ्या पक्ष्याला तर जीआय दाखवूही नका. गंजलेल्या जुन्या पिंजऱ्याला घरातला उरलेला ऑइलपेंट फासणारे महाभागही भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालणं सोडलंय.

माप

"आत्ता पिल्लू आहे, लहान घेऊ, मग बघू." हे 'मग' कधी येत नाही. पक्ष्याला पंख पूर्ण पसरून, गजांना न लागता वळता आलं पाहिजे, हा अगदी तळाचा निकष. आकड्यांत हवं असेल तर बजीच्या जोडीला लांबी अडीच फूट, रुंदी-उंची दीड-दीड फूट. एका कॉकटेलला दोन फूट लांब, दीड फूट खोल, दोन फूट उंच. ग्रेला तीन फूट लांब, दोन फूट खोल, चार फूट उंच. ही कमीत कमी मापं आहेत. लहान पक्ष्यांसाठी उंची आणि लांबी यांत निवड करायची वेळ आली तर लांबी घ्या. पक्षी आडवे उडतात, हेलिकॉप्टरसारखे वर जात नाहीत. म्हणूनच तो गोल घुमटाचा, वर कडी असलेला पिंजरा दिवाळीच्या सजावटीला ठीक आहे. त्यात उडायला जागा नाही, घाबरल्यावर दडायला कोपरा नाही, आणि घुमटाजवळ गज जिथे एकत्र येतात तिथे बोटं अडकतात ते वेगळंच.

दोन गजांमधलं अंतर मापाच्या पट्टीने मोजा, डोळ्यांनी नको. बजी आणि लव्हबर्डला अर्धा इंच, कॉकटेलला अर्धा ते पाऊण, ग्रेला पाऊण ते एक. "मोठा आणि स्वस्त मिळाला" म्हणून मोठ्या पोपटाच्या पिंजऱ्यात बजी सोडले की पक्षी डोकं बाहेर काढतो आणि मग ते आत घेता येत नाही. पक्षी मान सोडवायला धडपडतो, तुम्ही ऑफिसात असता.

मडकं

आपल्याकडे बजीची जोडी घेतली की विकणारा मडकं हातात देतोच. बाजूला भोक पाडलेलं, तारेने टांगायचं. लोकांना वाटतं, हे पक्ष्याचं झोपायचं घर. ते घर नाही, घरटं आहे. मादीला मडकं दिसलं म्हणजे अंडी घालायची वेळ आली. वय पुरं नसलं, अंगात कॅल्शियम नसलं, पोटात फक्त राळे-कांग जात असलं, तरी ती घालणार. मग अंडं अडकतं. मादी तळाशी शेपूट खालीवर करत, धापा टाकत बसते. घरचे म्हणतात, दमली असेल. अंडं अडकलेली मादी एका दिवसात जाऊ शकते. अशी वेळ आलीच तर उबेत ठेवून थेट डॉक्टरकडे न्यायचं. तेलाचे थेंब वगैरे घरगुती प्रयोग करत बसायचं नाही.

आणि खरं सांगू? बहुतेकांना पक्षी नको असतो, पिल्लं हवी असतात, तीही पहिल्याच महिन्यात, मोबाइलवर दाखवायला. माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्याला मी पहिली अट घालतो : मडकं काढा, पक्षी वर्षभर नुसते पक्षी म्हणून सांभाळा, मग बोलू. बरेच जण पुन्हा येत नाहीत. बजी दांडीवर बसून झोपतात, त्यांना बिछाना लागत नाही.

दांड्या

पिंजऱ्याबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या किंवा गुळगुळीत गोल दांड्या मी पहिल्याच दिवशी काढून टाकतो. पक्षी चोवीस तास पायांवर असतो. सगळ्या दांड्या एकाच जाडीच्या असल्या की तळव्याच्या त्याच जागी भार पडतो, कातडी लाल होते, मग गाठ येते. नखं घासली जावीत म्हणून दांडीवर चढवतात तो सँडपेपर नखं फारशी घासत नाही, तळवे मात्र सोलतो. त्यापेक्षा पेरूची किंवा कडुलिंबाची फांदी आणा. ती वेडीवाकडी, कमीजास्त जाडीची असते आणि तेच हवं असतं. औषध फवारलेलं झाड नको, हमरस्त्याच्या कडेचं धुरकटलेलं नको. ब्रशने घासून धुवायची, कडक उन्हात वाळवायची. कण्हेर तर सोसायटीत प्रत्येक कुंपणाला असते. तिची काडीही पिंजऱ्याजवळ आणू नका, विषारी आहे. बजीला बोटाएवढी, कॉकटेलला अंगठ्याएवढी, ग्रेला त्याहून जाड, असा माझा अंदाज चालतो. पक्ष्याची बोटं दांडीला पूर्ण वेढा घालून एकमेकांना टेकत असतील तर दांडी बारीक आहे. आणि अन्नपाण्याच्या वाट्या दांडीच्या बरोबर खाली लावू नका. का, ते दुसऱ्या दिवशी पाण्यात दिसेल.

जागा

स्वयंपाकघर नको. नॉनस्टिकचा तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो, आणि माणसाला तेव्हा वासही आलेला नसतो. देवघराशेजारी नको. धूप, कापूर, उदबत्ती रोज संध्याकाळी. त्यात मच्छर अगरबत्ती आणि झुरळांचा स्प्रे. पक्ष्यांची फुप्फुसं हवेतला प्राणवायू आपल्यापेक्षा जास्त चांगला शोषतात, तशीच विषंही. बाल्कनीत दिवसा कावळे, रात्री मांजर आणि उंदीर. दुपारच्या थेट उन्हात तर कधीच नको. विदर्भातल्या मे महिन्यात तो पिंजरा भट्टी होतो.

मग कुठे? माणसांची ये-जा असलेल्या खोलीत, एक बाजू भिंतीला लागून, पिंजरा साधारण आपल्या छातीच्या उंचीवर. चारी बाजूंनी उघड्यावर, मधोमध टांगलेल्या पिंजऱ्यात पक्षी सतत दचकलेला राहतो. पक्षी बाहेर काढायचा असेल तर आधी छताचा पंखा बंद. नुसता बटणाने बंद नव्हे, पाती थांबेपर्यंत.

बाकी किरकोळ, पण नडणारं

वर सरकणाऱ्या दाराला क्लिप लावाच. कॉकटेल ते चोचीने उचलायला शिकतो, आणि उचलता उचलता ते मानेवर पडतं.

चिरा असलेली घुंगरं नकोत, त्यात बोट अडकतं. दोऱ्याची खेळणी धागे सुटले की फेका.

आरसा नको. एकटा बजी तासन्‌तास त्यालाच घास भरवत बसतो.

तळाला वर्तमानपत्र घालून रोज बदला. लाकडाचा भुसा नको : धूळ, बुरशी, आणि विष्ठेचा रंग दिसत नाही. आजाराची पहिली खूण तिथेच असते.

रात्री पिंजरा पूर्ण झाकायची सवय असेल तर कॉकटेलला एखादी फट आणि बारीक दिवा ठेवा. काळोखात दचकून ते गजांवर आपटतात, पंखांतून रक्त येतं.

नवीन पक्षी जुन्याच्या पिंजऱ्यात थेट सोडू नका. महिनाभर वेगळ्या खोलीत, वेगळ्या वाट्या. "पण त्याला एकटं वाटेल" म्हणणाऱ्यांनी दोन्ही पक्षी एकदम गमावलेले पाहिलेत.

जुना पिंजरा घ्यायला माझी हरकत नाही, उलट स्टीलचा जुना मिळाला तर नशीब समजा. साबणाने घासा, मग एक भाग ब्लीच दहा भाग पाण्यात मिसळून पुसा, दहा मिनिटांनी भरपूर धुवा, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात ठेवा. लाकडी दांड्या आणि खेळणी मात्र टाकून द्या, त्या धुऊन स्वच्छ होत नाहीत. घेताना मालकाला एवढंच विचारा, की आधीचा पक्षी कुठे गेला. उत्तर द्यायला तो घुटमळला तर मी पिंजरा फुकटसुद्धा उचलत नाही.