सोलापूरहून अमेरिकेत येताय? रेझ्युमेतली कॅपिटल अक्षरं आधी आवरा

आपल्याकडून इकडं येणाऱ्या पोरापोरींचे रेझ्युमे माझ्याकडं बघायला येतात. पोरं हुशार, काम चांगलं केलेलं, पण वाक्यात जिथं तिथं शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल केलेलं. मॅनेजर कॅपिटल, इंजिनिअर कॅपिटल, विषयसुद्धा कॅपिटल. कॉलेजच्या नोटिशीत, सरकारी अर्जात आपण तेच बघत आलो, साहेबांचा हुद्दा स्मॉलमध्ये लिहिला की अपमान केल्यासारखं वाटतं. इकडं कॅपिटल मान द्यायला नसतं, नावाला असतं.

हुद्दा नावाच्या आधी चिकटून आला की कॅपिटल, जसं प्रेसिडेंट लिंकन. नुसता आला किंवा नावानंतर आला की स्मॉल, मग तो अमेरिकेचा प्रेसिडेंट का असेना. रेझ्युमेत कंपनीच्या नावाखाली हुद्द्याची वेगळी ओळ असते आणि ईमेलखाली सही असते, तिथं कॅपिटल चालतं.

विषय स्मॉल. मेकॅनिकल इंजिनिअरिंग, इकॉनॉमिक्स, सगळे. इंग्लिश, मराठी, संस्कृत तेवढे कॅपिटल, कारण ती भाषांची नावं. डिपार्टमेंटचं पूर्ण नाव लिहिलं तर तेही कॅपिटल.

पदवीत सगळ्यात जास्त घोळ होतो. 'बॅचलर्स डिग्री' लिहिताना बी स्मॉल आणि एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी. 'बॅचलर ऑफ इंजिनिअरिंग' असं पूर्ण नाव आलं की बॅचलरला एस लावायचा नाही, 'बॅचलर्स ऑफ' म्हणजे चूकच. हे पूर्ण नाव असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखन-नियमानं कॅपिटल, शिकागो मॅन्युअल या लेखन-नियमांच्या पुस्तकाप्रमाणं वाक्यात स्मॉल, कुठलाही एक धरा आणि शेवटपर्यंत तोच पाळा.

आता हे नीट ऐका. पदवीचं आणि विद्यापीठाचं नाव सर्टिफिकेटवर आहे तसंच लिहायचं, अक्षरन् अक्षर! जुळे सोलापूरचा एक पोरगा, सर्टिफिकेट बी.ई.चं, इथल्या जुन्या मंडळींनी सांगितलं बी.टेक. लिही, इकडं तेच ओळखतात, कोण बघतंय. बघितलं की! बॅकग्राउंड चेकमध्ये, म्हणजे कंपनी माहिती पडताळून बघते तेव्हा, फॉर्म परत आला, जॉइनिंग लांबलं, पोरगा भाडं भरत घरी बसून. अशा मंडळींचं अजिबात ऐकू नका, त्यांचं कसंतरी निभावलं म्हणून तुमचं निभावेल असं नाही. विद्यापीठाचंही तसंच. 2004 च्या आधीची सोलापूरची पदवी शिवाजी विद्यापीठाची, नंतर सोलापूर विद्यापीठाची, 2019 ला नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. तुमच्या कागदावर जे छापलंय तेच लिहा, नवीन नाव कंसात घाला.

इथली माणसं तोंडावर चूक दाखवत नाहीत, छान आहे म्हणतात आणि फोन करत नाहीत, म्हणून एवढं सांगतोय.

आणि नोकरीच्या जाहिरातीत हुद्दा कॅपिटलमध्येच असतो, ते बघून गोंधळू नका. कव्हर लेटरमध्ये त्या जागेचं नाव जाहिरातीत आहे तसं कॅपिटलमध्ये लिहिलं तर चालतं, पण पुढच्या वाक्यात स्वतःच्या आधीच्या कामाबद्दल लिहिताना परत स्मॉल.