जुनी गाडी मिस मारते, फटाके फोडते? या चुका टाळा

कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) जुन्या मारुती ओम्नी आणि मारुती ८०० विदर्भातल्या खेड्यांत अजूनही आठवडी बाजाराची आणि दवाखान्याची धावपळ सांभाळत आहेत. अशी गाडी झटके खाऊ लागली आणि मध्येच फटाके फोडू लागली, की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मूळ दोष ठिणगीचा असेल, तर व्यवस्थित बसलेली सेटिंग विनाकारण बिघडते आणि पुढच्या मिस्त्रीला एकाऐवजी दोन दोष शोधावे लागतात.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी आवाज कुठून येतो, हे नीट ऐकावे. सायलेन्सरमधून बार निघत असेल, तर न जळलेले पेट्रोल तिथपर्यंत पोहोचून गरम नळीत पेटते आहे. म्हणजे एखादा सिलिंडर मिस मारतो (त्यात पेट्रोल पेटतच नाही), ठिणगी उशिरा पडते, मिश्रणात पेट्रोल जास्त आहे किंवा सायलेन्सरच्या जोडातून बाहेरची हवा आत शिरते. कार्बोरेटरच्या तोंडातून उलटा फटका येत असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडणे, ठिणगी फार लवकर पडणे किंवा इनटेक व्हॉल्व्ह नीट न बसणे ही कारणे आधी तपासावीत.

ठिणगीची तपासणी अंधारात उत्तम होते. रात्री ओम्नीची पुढची सीट (इंजिन तिच्याखाली असते) उचलून, पेट्रोलचा वास येत नसल्याची खात्री करून इंजिन चालू ठेवावे. प्लगच्या वायरींवर किंवा डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला क्रमाने वीज वाटणारा भाग) कॅपभोवती निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या, तर वीज प्लगपर्यंत न जाता वाटेतच गळते आहे. कॅप उघडल्यावर आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर कॅप पुसून काम भागत नाही, ती बदलावीच लागते. दोषी सिलिंडर ओळखण्यासाठी आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) एकेका प्लगची वायर इन्सुलेशन असलेल्या पकडीने क्षणभर काढून लगेच परत बसवावी, कारण वायर फार वेळ मोकळी राहिली तर कॉइलवर (ठिणगीसाठी जोरदार वीज तयार करणारा भाग) ताण येतो. जी वायर काढूनही इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच बंद आहे. त्याचा प्लग काढून पाहावा: कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरके टोक म्हणजे पेट्रोल कमी, तेलकट ओल म्हणजे इंजिन ऑइल वर येते आहे.

प्लग बदलताना सर्व वायरी एकदम उपटणे ही फार सर्रास होणारी चूक आहे. या तीन सिलिंडरच्या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-२ असा असतो. दोन वायरींची अदलाबदल झाली की धडधड आणि फटाके दोन्ही सुरू होतात, आणि दोष मात्र नव्या प्लगवर ढकलला जातो. प्लग, पॉइंट (कॉइलची वीज जोडणारा-तोडणारा स्विच), कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी पडू न देणारा भाग), कॉइल हे सगळे एकाच दिवशी बदलू नये. गाडी कदाचित सुधारेल, पण कशामुळे सुधारली हे कळणार नाही, आणि नवा कंडेन्सर खराब निघाला तर गोंधळ वाढेल.

थंड असताना नीट चालणारी गाडी मे महिन्यात यवतमाळ किंवा चंद्रपूरच्या उन्हात काही किलोमीटरवर ढेपाळते, तेव्हा गाडीतल्या पेट्रोल पंपात (टाकीतले पेट्रोल कार्बोरेटरकडे ओढणारा भाग) वाफ धरली असे लोक लगेच ठरवतात. पंपावर ओले फडके ठेवून फरक पडला, तर तो अंदाज खरा मानावा. फरक पडला नाही, तर गरम झाल्यावर दगा देणारा कंडेन्सर किंवा कॉइल तपासावी, तीही गाडी बिघडलेल्या अवस्थेतच.

कापसाच्या हंगामात एअर फिल्टरवर काळ्या मातीची धूळ आणि कापसाची तुसे यांचा थर बसतो, त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. यावर उपाय म्हणून फिल्टर काढून गाडी चालवणे चुकीचे आहे, कारण तीच धूळ मग सिलिंडरमध्ये जाते. याउलट कार्बोरेटरखालचे गॅस्केट किंवा व्हॅक्यूमची नळी फाटली, तर जादा हवा शिरून पेट्रोल कमी पडते. २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले आहे. त्यामुळे जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण आणखी पातळ होते, म्हणजे पेट्रोल कमी पडते, आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात किंवा चिरतात. इथेनॉल पाणीही ओढून घेते, म्हणून पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीतले पेट्रोल बदलल्याशिवाय पुढची तपासणी करण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र कोणीही करू नये: गाडी चालू होत नाही म्हणून बाटलीने कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतत असताना दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगणे. उलटा फटका आला, तर ज्वाला थेट हातावर आणि बाटलीवर येते.

ठिणगी, हवा आणि पेट्रोल यांत दोष सापडला नाही, तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू) फार आवळलेले आहेत का आणि टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) एखादा दात सरकला आहे का, हे पाहावे. त्यानंतर तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजून घ्यावे. एकाचे आकडे इतर दोघांपेक्षा बरेच खाली आले, तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केटचे काम निघणार आहे आणि ते तालुक्याच्या वर्कशॉपवरच होईल.