द्राक्षबागेत तापमानाचा सेन्सर बसवताना

डिसेंबर-जानेवारीत पेपरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा आला की आख्खा निफाड तालुका तोच पारा आपल्या बागेचा धरून चालतो. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि दोन एकर थॉमसन द्राक्षं. नाल्याकडच्या ओळी घराजवळच्या ओळींपेक्षा गार असतात, हे पहाटे बागेत फिरणाऱ्या कुणालाही अंगाला कळतं. वारा पडलेला, आभाळ निरभ्र असलं की जमीन रात्रभर उष्णता सोडते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते आणि उताराने खोलगट भागात जाऊन बसते. म्हणून सेन्सर आपल्याच बागेत हवा.

सेन्सर साधा घ्या. स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२० पुरतो. उणे १० ते ८५ अंशांत तो अर्ध्या अंशाच्या आत चुकतो, असं बनवणारे सांगतात. पण बाजारात नकली माल भरपूर आहे, म्हणून बसवण्याआधी परीक्षा घ्या. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा गच्च भरा, फटी भरतील एवढंच थंड पाणी ओता, मीठ अजिबात नको. नळी मधोमध खुपसा, अधूनमधून ढवळा आणि दहा-पंधरा मिनिटांनी आकडा बघा. शून्य यायला हवा. ०.४ आला तर तेवढे प्रोग्राममध्ये वजा करा. एक अंशाहून जास्त फरक असेल तर सरळ परत करा. उकळत्या पाण्यात तपासायच्या भानगडीत पडू नका. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहोत, इथं पाणी ९८ अंशांच्या जवळपासच उकळतं.

जोडणी सोपी आहे. लाल वायर ३.३ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी ईएसपी३२ (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड) च्या पिनला, आणि लाल-पिवळीच्या मध्ये ४.७ किलोओमचा रेझिस्टर. तो विसरलात तर आकडाच येत नाही. रंगांवर डोळे झाकून विश्वास नको, विकणाऱ्याचा कागद बघा. प्रत्येक सेन्सरचा नंबर वेगळा असल्याने एकाच वायरवर दोन-तीन चालतात. फक्त वायर एका रांगेत न्या, फांद्या फोडू नका. नळीतून वायर बाहेर येते तिथून पाणी शिरतं, तिथं सिलिकॉन भरा.

आता खरं काम सावलीचं. उन्हात उघडा टांगलेला सेन्सर हवा मोजत नाही, स्वतःची तापलेली नळी मोजतो. वेधशाळेत त्यासाठी पांढरी, झडपांची लाकडी पेटी असते, स्टीव्हन्सन स्क्रीन. आपण कुंडीखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सात-आठ ताटल्या आणायच्या. वरची अखंड ठेवायची, बाकीच्यांना मध्ये मोठं भोक पाडायचं. मग सगळ्या पालथ्या घालून तीन आट्यांच्या सळयांवर ओवायच्या. दोन ताटल्यांमध्ये वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे घाला, म्हणजे वारा खेळतो. सेन्सर मधल्या पोकळीत लोंबता ठेवायचा, प्लास्टिकला टेकवायचा नाही. कडक ऊन आणि वारा बंद, अशा दुपारी ही पेटीसुद्धा अंश-दीड अंश जास्त दाखवते. आपल्याला पहाटेचा आकडा हवा आहे, तेव्हा मी ते चालवून घेतो.

जागा दोन हव्यात. एक सेन्सर बागेबाहेर मोकळ्या मातीवर किंवा गवतावर. जागतिक हवामान संघटनेचा नियम जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीचा आहे. मी दीड मीटर धरतो. भिंत, पत्र्याची शेड, पंपघर, काँक्रीटची टाकी यांपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट लांब राहा, जमलं तर चौपट. ह्याचा आकडा हवामान खात्याच्या आकड्याशी ताडून बघता येतो. दुसरा नाल्याकडच्या सगळ्यात खोलगट ओळीत, घडांच्या उंचीवर. मांडवाच्या लोखंडी अँगलला तो बांधू नका, अँगल दिवसा तापतो. वेगळा बांबू रोवा, त्याला हातभर आडवी दांडी काढा आणि पेटी उत्तरेच्या अंगाला टांगा. मे अखेर ते जुलै आपल्याकडे दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, पण तेव्हा थंडीची काळजी नसते.

ईएसपी३२ च्या खोक्यात शिरण्याआधी वायरला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकून जातं. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून जमिनीलगतची वायर पाइपातून न्या.

दर दहा मिनिटांनी नोंद पुरते. ८५ हा सेन्सर नुकताच सुरू झाल्याचा आकडा आणि उणे १२७ म्हणजे वायर सुटली. दोन्ही प्रोग्राममध्येच गाळा, नाहीतर सरासरीची वाट लागते. सगळ्यात कमी पारा साधारण सूर्योदयाच्या सुमाराला लागतो. मी गजर खोलगट ओळीतल्या सेन्सरवर ६ अंशांना लावला आहे. ४ ला लावला तर थंडीपासून बाग वाचवण्यासाठी शेकोट्या पेटवायला आणि ड्रिप सोडायला हाताशी वेळच उरत नाही. त्यातून पंपाची थ्री फेज वीज पहाटे असेल की नाही, ते आपल्या हातात नाही.

फवारणीच्या दिवशी पेटीवर पिशवी चढवा आणि काम झालं की काढा. मोरचूद, गंधकाचा थर बसला की पांढरा रंग पांढरा राहत नाही. पावसाळ्यानंतर कोळ्यांची जाळी आणि गांधीलमाश्यांची घरं हमखास निघतात. ताटल्या सुट्या करून धुवा. ऑक्टोबर छाटणीच्या आधी बर्फाची परीक्षा पुन्हा घ्या, आणि गेल्या वर्षीपेक्षा अर्ध्या अंशाहून जास्त सरकलेला सेन्सर बदलून टाका.