घरगुती प्रोजेक्टरसाठी एलसीडी पॅनेल निवडताना या चुका टाळा

घरगुती प्रोजेक्टरमध्ये स्क्रीनच्या एलसीडी पॅनेलमागचा मूळ दिवा (बॅकलाइट) काढून तिथे जोरदार दिवा ठेवतात आणि पुढच्या लेन्समधून चित्र भिंतीवर पाडतात. असा प्रोजेक्टर घरी बांधायला घेणारा माणूस बहुधा दिवा, लेन्स आणि प्लायचा खोका यांच्या मागे आधी लागतो, आणि पॅनेल काय, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो की मिळेलच, असे म्हणून ते शेवटावर ठेवतो. माझ्या मते सगळ्या चुकांचे मूळ याच क्रमात आहे. पॅनेलचा आकार ठरल्याशिवाय लेन्सचे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) ठरत नाही, पॅनेलच्या मागची बाजू पाहिल्याशिवाय खोका बेतता येत नाही, आणि पॅनेल किती उष्णता सोसते हे कळल्याशिवाय दिवा निवडणे धोक्याचे असते. म्हणून पॅनेल आधी घ्यावे, आणि घेताना एकच प्रश्न सतत डोळ्यांपुढे ठेवावा: यातून उजेड पार होईल का?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. रंगीत एलसीडी पॅनेल दिव्याच्या प्रकाशापैकी फार तर ५ ते ८ टक्के पलीकडे जाऊ देते. निम्म्याहून अधिक प्रकाश पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारा थर, खातो, उरलेल्यातला दोन तृतीयांश लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांत जातो आणि पिक्सेलभोवतीची काळी जाळी आपला वाटा घेते. १०० वॅटचा चांगला सीओबी एलईडी (एकाच पाटीवर अनेक चिप बसवलेला) १०,००० लुमेन देतो असे धरले आणि त्यातला एक तृतीयांश प्रकाश पॅनेलपर्यंत नीट पोहोचवला, तरी पडद्यावर सुमारे २०० लुमेनच उरतात. दिवे मालवलेल्या खोलीत तेवढ्यात सामना किंवा सिनेमा व्यवस्थित पाहता येतो. मात्र पॅनेल निवडताना यातले आणखी थोडे गमावले, तर चित्र करडे आणि निर्जीव दिसते.

रिझोल्यूशनच्या मागे धावणे ही म्हणूनच पहिली चूक. त्याच आकाराच्या काचेत पिक्सेल वाढले की प्रत्येक पिक्सेलची उघडी जागा कमी होते आणि जाळीचा वाटा वाढतो. १५.६ इंची, १३६६ बाय ७६८ पॅनेलचा एक पिक्सेल सुमारे ०.२५ मिलिमीटरचा असतो. १०० इंची चित्रात तो १.६ मिलिमीटरचा होतो आणि सात-आठ फुटांवरून फारसा जाणवत नाही. पहिल्या प्रयत्नासाठी हे पॅनेल पुरेसे आहे. फुल एचडी पॅनेल याच आकारात स्वस्त मिळाले तर जरूर घ्यावे, परंतु फोनचे साडेपाच इंची टू-के पॅनेल पाहून भुलू नये. शंभर इंचांचे चित्र काढायला त्याचे क्षेत्रफळ ३३० पट वाढवावे लागते, तर १५.६ इंचीचे सुमारे ४१ पट. सगळा प्रकाश आणि त्याबरोबरची उष्णता तळहाताएवढ्या काचेत कोंबावी लागते, आणि तेथेच ते पॅनेल संपते. रेझिन थ्रीडी प्रिंटरसाठी विकली जाणारी 'मोनो' पॅनेल प्रकाश पुष्कळ सोडतात, पण त्यांत रंगाच्या गाळण्याच नसतात, त्यामुळे चित्र कृष्णधवल येते. खरेदीपूर्वी ही खात्री अवश्य करावी.

आयपीएस या प्रकारच्या पॅनेलसाठी जास्त पैसे मोजण्याचेही कारण नाही. बाजूने पाहिल्यावर रंग बदलू नयेत हा आयपीएसचा मोठा गुण, परंतु प्रोजेक्टरमध्ये पॅनेलकडे बाजूने कोणी पाहतच नाही. टीएन या साध्या प्रकारचे पॅनेल बहुधा अधिक प्रकाश सोडते. त्याची एक अट मात्र आहे, आणि ती न पाळल्यामुळे अनेकांच्या चित्राचा वरचा भाग फिका व खालचा गडद दिसतो. एकच फ्रेनेल लेन्स (वर्तुळाकार खाचांची चपटी लेन्स) पॅनेलच्या मागे ठेवून प्रकाश थेट प्रोजेक्शन लेन्सकडे वळवला, तर पॅनेलच्या कडांना किरण तिरके लागतात, आणि टीएनला तिरका किरण मानवत नाही. उपाय असा की फ्रेनेल दोन घ्याव्यात: एक दिव्याकडून येणारा प्रकाश समांतर करील, मग पॅनेल, आणि त्यापुढची दुसरी तो लेन्सकडे गोळा करील. दोन्ही फ्रेनेल पॅनेलला चिकटवू नयेत; दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवावे, नाहीतर फ्रेनेलच्या वर्तुळाकार खाचा आणि पिक्सेलच्या रांगा मिळून चित्रावर लाटांसारखी नक्षी उमटते.

मागची बाजू न पाहता घेतलेले पॅनेल

या चुकीविषयी सविस्तर लिहितो, कारण तिने माझे एक चांगले पॅनेल वाया घालवले. जुन्या लॅपटॉपचे १५.६ इंची पॅनेल होते. दुकानात चालू करून पाहिले होते, एकही डाग नव्हता. परळच्या आमच्या खोलीत जमिनीवर चादर अंथरून मी त्याची पत्र्याची चौकट काढली, बॅकलाइटची पांढरी शीट आणि प्रकाश पसरवणारे डिफ्यूझरचे थर वेगळे केले. काचेच्या खालच्या कडेला चिकटलेल्या तपकिरी, पातळ, लवचीक पट्ट्या मागे दुमडून एका लांब हिरव्या सर्किट पट्टीला जोडलेल्या होत्या, आणि ती पट्टी दुहेरी टेपने पाठीला घट्ट बसवलेली होती. मी ती नखाने उचकली. टेप सुटता सुटता पट्टी उडाली आणि शेवटची तपकिरी पट्टी काचेपाशी केसभर उचलली गेली. चालू केल्यावर उजव्या कडेपासून चार बोटांवर एक हिरवी उभी रेघ दिसली. पॅनेलवर ती अगदी बारीक होती, भिंतीवर मात्र खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून तिच्याशिवाय दुसरे काही दिसेना.

या तपकिरी पट्ट्यांतच चित्र चालवणाऱ्या चिप असतात आणि काचेशी त्यांचा जोड डागकामाने होत नसतो. उष्णता व दाब देऊन खास चिकट पटलाने तो बसवलेला असतो. एकदा सुटला की सोल्डरिंग गनने जुळत नाही. म्हणून टेप सोडवताना हेअर ड्रायरने हलकी ऊब द्यावी, जुने एटीएम कार्ड टेपखालून सरकवावे, आणि सर्किट पट्टी मोकळी झाली की ती काचेच्या पातळीतच खाली लोंबेल असा आधार आधीच तयार ठेवावा.

हे झाले काम करताना. त्याआधी, खरेदीच्या वेळीच, सर्किट पट्टी कोणत्या कडेला आहे ते पाहावे. एकाच लांब कडेला असेल तर ती खाली उलगडून प्रकाशाच्या वाटेतून बाहेर काढता येते. जुन्या डेस्कटॉप मॉनिटरच्या काही पॅनेलांत मात्र वर एक आणि बाजूला एक अशा दोन पट्ट्या असतात आणि त्यांना जोडणारी रिबन काचेच्या मागून जाते. अशी रिबन आखूड असेल, तर दोन्ही पट्ट्या एकाच वेळी उलगडत नाहीत आणि चित्रावर कायमची सावली पडते. असे पॅनेल कितीही स्वस्त असले तरी सोडून द्यावे.

पुढच्या काचेचा पृष्ठभागही तिथेच पाहावा. खरबरीत, चमक नसलेला पृष्ठभाग प्रकाश विखुरतो. चित्र मऊ पडते आणि उजेड लेन्सबाहेर जातो. चकचकीत पॅनेल मिळत असेल तर तेच निवडावे. ओला कागद तासन्‌तास ठेवून हा खरबरीत थर सोलण्याची युक्ती सांगितली जाते, परंतु बऱ्याच पॅनेलांत तो थर पोलरायझरचाच भाग असतो आणि त्याच्याबरोबर पोलरायझरही निघून येतो. चांगल्या पॅनेलवर हा प्रयोग करू नये.

कार्ड आणि व्होल्टेज

पॅनेलच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरासकट लिहून घ्यावा आणि डेटाशीट पाहूनच युनिव्हर्सल कार्ड, म्हणजे पॅनेलला चित्राचा सिग्नल देणारे सर्किट, मागवावे. बी१५६एक्सडब्ल्यू०२ सारखी जुनी पॅनेल एलव्हीडीएस या जुन्या सिग्नल-पद्धतीवर चालतात, तर नंतरची पुष्कळशी ३० पिनांच्या ईडीपी या नव्या पद्धतीवर. एकाचे कार्ड दुसऱ्याला चालत नाही. कार्डावरचा जम्पर (व्होल्टेज ठरवणारी छोटी पिन-टोपी) सर्वांत आधी तपासावा. लॅपटॉपच्या पॅनेलला ३.३ व्होल्ट लागतात, डेस्कटॉपच्या बहुतेकांना ५ आणि मोठ्या टीव्हीच्या पॅनेलला १२. जम्पर १२ वर राहिलेले कार्ड लॅपटॉपच्या पॅनेलला लावले की पॅनेल क्षणात जळते. उभे पट्टे किंवा दुभंगलेले चित्र दिसल्यास चॅनेलची (एक की दोन) निवड चुकली आहे असे समजावे. रंगांच्या पायऱ्या पडत असल्यास कार्डाच्या सेटिंगमधली ६ आणि ८ बिटांची गल्लत तपासावी.

मूळ मॉनिटरचेच कार्ड वापरणाऱ्यांना वेगळा त्रास होतो. चित्र दोन सेकंद येते आणि जाते. जुन्या मॉनिटरचा इन्व्हर्टर, म्हणजे बॅकलाइटच्या ट्यूबला वीज देणारे सर्किट, ट्यूब जोडलेली नाही हे ओळखून स्वतःला बंद करतो, त्यामुळे असे घडते. पॅनेल बिघडलेले नसते. त्या इन्व्हर्टरवर शेकडो व्होल्ट असतात, त्यामुळे त्याच्याशी खेळण्यापेक्षा युनिव्हर्सल कार्ड घ्यावे. काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो. ती फोडू नये आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यावी.

आकार आणि खोली

मुंबईतील खोलीच्या लांबीचा हिशेब पॅनेल घेतानाच करावा. १५.६ इंची पॅनेलला ३२० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स लावली, तर १०० इंची चित्रासाठी लेन्स भिंतीपासून सुमारे २.४ मीटरवर, आणि पॅनेल लेन्सच्या मागे सुमारे ३७ सेंटिमीटरवर येते. दहा फुटांच्या खोलीत हे बसते. चोर बाजारात किंवा भंगारात मिळणारा ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टर) वापरायचा असेल, तर त्याच्या काचेचे माप टेपने घ्यावे. सामान्यतः ती २५० किंवा २८५ मिलिमीटर चौरस असते, आणि १५.६ इंची पॅनेल ३४४ मिलिमीटर रुंद, म्हणजे दोन्ही कडा अंधारात जातात. २८५ च्या काचेवर ११.६ इंची पॅनेल, २५६ बाय १४४ मिलिमीटरचे, नेमके बसते.

चित्र उलटे किंवा आरशातले दिसणे हा दोष नव्हे, मांडणीचा परिणाम आहे. खोक्यात आरसा नसेल तर पॅनेलचे तोंड दिव्याकडे करून ते उलटे उभे करावे. ओएचपीप्रमाणे एक आरसा असेल तर तोंड लेन्सकडे ठेवावे. सर्किट पट्टी यामुळे वर जाते की खाली, हे खोका कापण्यापूर्वीच ठरलेले बरे.

उष्णता

लॅपटॉपच्या बहुतेक पॅनेलांची कमाल मर्यादा ५० अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात आपली खोलीच ३४-३५ अंशांवर असते, म्हणजे हातात १५ अंश उरतात. चित्राच्या मध्यभागी काळपट डाग पसरू लागला, तर दिवा ताबडतोब बंद करावा. पॅनेल थंड झाल्यावर डाग गेला, तर द्रवस्फटिक तेवढ्यापुरतेच वितळले होते असे समजावे. डाग पिवळा किंवा तपकिरी होऊन राहिला, तर पोलरायझर भाजला आहे आणि तो परत येत नाही. दिवा व पॅनेल यांच्यामध्ये उष्णतारोधक काच, आणि पॅनेलच्या दोन्ही पृष्ठांवरून वाहणारी हवा, या दोन्ही गोष्टी हव्यातच. पावसाळ्यात पंख्याच्या तोंडावर फोमची जाळी लावावी, कारण पॅनेलवर बसलेला प्रत्येक कण चित्राबरोबरच फोकसमध्ये येतो.

दिवा पहिल्यांदा पेटवताना चांगले पॅनेल आत ठेवू नये. हिरव्या रेघेचे ते जुने पॅनेल मी याच कामासाठी जपून ठेवले आहे: नवी मांडणी झाली की ते आत बसवतो, पाठीला तापमापकाची तार टेपने लावतो आणि सलग दोन तास चालवतो. आकडा ४५ च्या खाली स्थिर राहिला, तरच दुसरे पॅनेल पिशवीतून बाहेर काढतो.