कार्ब्युरेटर उघडण्याआधी पेट्रोल पोहोचतंय का ते बघा

जुनी गाडी अडखळली की हात आधी कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) स्क्रूंकडे जातो. थांबा. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, वरून आत बघत अॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढा. पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, पेट्रोल आहे. मग जेटमधला (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातला) कचरा किंवा इग्निशन (ठिणगी देणारी यंत्रणा) तपासा. (एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरला ही चिळकांडी उडवणारा अॅक्सिलरेटर पंप नसतो, तिथे ही खूण चालत नाही.)

चिळकांडी नसेल तर इग्निशनचं कनेक्शन काढा, कार्ब्युरेटरला येणारा पाइप सोडून बाटलीत घाला आणि काही सेकंद स्टार्टर मारा. जवळ ठिणगी, विडी-सिगारेट, तापलेलं इंजिन काहीही नको. ठोक्याठोक्याने जोरदार धार आली तर टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप ठीक. मग फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल सोडणारा नीडल व्हॉल्व्ह अडकलाय किंवा तिथली जाळी तुंबलीय. धार कमी असेल तर पेट्रोलचा फिल्टर बघा, आणि टाकी ते पंप हा रबरी पाइप नक्की बघा. तिथली चीर पेट्रोल गळू देत नाही, हवा ओढते, म्हणून ती महिनोन्‌महिने सापडत नाही.

थोडं अंतर जाऊन गाडी बंद पडते, जरा थांबलं की पुन्हा चालू होते? तेव्हा लगेच टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.

उलट कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओसंडत असेल तर फ्लोट (चेंबरमधला तरंगणारा पोकळ गोळा) काढून कानाशी हलवा. आत खळखळलं तर तो फुटलाय.

जेटमध्ये तार मात्र कधीच घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं.