एम्पिरिकल फॉर्म्युल्यावरून रेणुसूत्र कसं काढायचं

एम्पिरिकल फॉर्म्युला (अणूंचं सगळ्यात लहान पूर्णांकातलं प्रमाण) आला म्हणजे उत्तर आलं असं नाही. त्यातून अणूंचं आपसातलं प्रमाण कळतं, एका रेणूत नेमके किती अणू ते नाही कळत. सीएच घ्या, वेल्डिंगवाल्याकडचं ॲसिटिलीन पण सीएच आणि बेन्झीन पण सीएच, टक्केवारी दोघांची सेम टू सेम. फरक मोलर मासमध्ये (एका मोलचं, म्हणजे रेणूंच्या एका ठरावीक गठ्ठ्याचं, ग्रॅममधलं वजन), एकाचं २६ आणि दुसऱ्याचं ७८. म्हणून गणितात मोलर मास दिलंय का ते आधी बघा, नसेल आणि व्हेपर डेन्सिटी (वाफ हायड्रोजन वायूच्या किती पट जड ते) दिली असेल तर तिची दुप्पट करा, तेच मोलर मास.

आता आवळ्यातलं व्हिटॅमिन सी घेऊ. कार्बन ४०.९२ टक्के, हायड्रोजन ४.५८, ऑक्सिजन ५४.५०, मोलर मास १७६. शंभर ग्रॅम पदार्थ धरला की टक्के तेच ग्रॅम, मग ज्याला त्याला आपापल्या अणुवस्तुमानाने भागायचं (हायड्रोजनला १.००८ ने, नुसत्या १ ने नको) म्हणजे मोल येतात ३.४१, ४.५४ आणि ३.४१. त्यातल्या सगळ्यात लहान आकड्याने भागलं की १ : १.३३ : १.

पोरं घसरतात ती इथेच. १.३३ दिसलं की राउंड करून १, फॉर्म्युला सीएचओ, त्याचं वजन २९, आणि गंमत म्हणजे १७६ भागिले २९ केलं तर ६.०७ येतं, त्यामुळे वाटतं बरोबरच चाललंय, आणि सी६एच६ओ६ लिहून मोकळे! त्याचं वजन करून बघा, १७४ भरतं. दोन कुठे गेले? तर ते दोन हायड्रोजन राउंडिंगमध्ये उडाले.

१.०२ किंवा १.९८ असेल तर खुशाल राउंड करा. पण शेवटी .५ असेल तर सगळ्यांना २ ने गुणा, .३३ किंवा .६७ ला ३ ने, .२५ किंवा .७५ ला ४ ने. आपल्याकडे ३ ने गुणून ३ : ४ : ३ म्हणजे सी३एच४ओ३, वजन ३६ + ४ + ४८ = ८८.

पुढचं एका ओळीचं काम, १७६ भागिले ८८ म्हणजे २, तिन्ही आकडे दुप्पट, सी६एच८ओ६. भागाकार १.५ वगैरे आला तर मागे काहीतरी चुकलंय, परत मोल तपासा. १ आला तर मात्र चूक शोधत बसू नका, पाण्याचं एम्पिरिकल आणि रेणुसूत्र दोन्ही एच२ओच आहे.

आणि मिठाला हे लावू नका, त्यात सुटा रेणूच नसतो, एनएसीएलवरच थांबायचं.